घरखर्च : दीड टक्क्याचा हिशेब



मागच्या महिन्यात बिलोलीला आपाकडे जाणे झाले. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. चहाचा कप हातात देण्याआधीच तिने कपाटातून एक पांढरे पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "हे बघ, तुझ्या भाच्याने घरात काय आणलंय ते." पाकिटात एक कोरे करकरीत क्रेडिट कार्ड होते. ते अजून चालू केलेले नव्हते.

भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एक दिवस मधल्या सुट्टीत कार्डवाला एजंट शाळेत आला. "सर, यात पॉइंट नाहीत, कूपन नाहीत, काही भानगड नाही. कुठेही खर्च करा, सरसकट दीड टक्का रोख परत. वर्षाचे शुल्क फक्त ४९९, आणि वर्षात २ लाख खर्च केले तर तेही माफ," असे त्याने सांगितले. भाच्याने सही केली आणि पंधरा दिवसांत कार्ड घरी आले. तेव्हापासून घरात तीन तोंडे तीन दिशांना.

आपाचे म्हणणे, "यात सूद आहे. ही बला घरात नको." सुनेचे म्हणणे वेगळे, आणि तेही बिनबुडाचे नाही. ती म्हणाली, "मामूजान, पैसे तर तसेही मोबाईलवरूनच जातात. खर्च तोच, दुकान तेच. मग परत मिळणारे पैसे का सोडायचे?" भाचा मधल्या मध्ये अडकलेला. त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. धाकट्या बहिणीचा निकाह दोन महिन्यांवर आलेला. नांदेडहून कपडे, भांडी, मिक्सर, फ्रिज असे साधारण ८० हजारांचे सामान घ्यायचे आहे. "कार्डावर घेऊ, १,२०० रुपये तर लगेच परत येतील," असा त्याचा हिशेब.

मी म्हटले, आधी वही आणा. आपाच्या घरात खर्चाची वही लिहायची सवय अब्बांपासूनची आहे. वही समोर ठेवून जे निघाले, ते आज तुमच्यापुढे मांडतो, कारण असे पाकीट उद्या तुमच्याही घरी येऊ शकते.

'सरसकट' म्हणजे किती?

भाच्याचा हिशेब सोपा होता. महिन्याचा घरखर्च २४ हजार. त्याचा दीड टक्का ३६० रुपये. वर्षाला ४,३२० रुपये. ऐकायला बरे वाटते.

आता वहीतला महिना पाहा. किराणा ५,५००. दूध १,८००. भाजी आणि मटण-चिकन ४,२००. पेट्रोल २,०००. वीजबिल १,२००. गॅस ९००. मुलांची फी आणि ट्यूशन २,०००. औषधे १,४००. मोबाईलचे रिचार्ज ७००. कपडे आणि ऑनलाइन खरेदी १,५००. विम्याचा हप्ता १,३००. पाहुणे, देणे-घेणे, सदका १,५००. बेरीज बरोबर २४ हजार.

दूधवाला रोख घेतो. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बाईकडे कार्डाचे यंत्र नाही. मटणवाल्याला आपण त्याच्या मोबाईल नंबरावर पैसे पाठवतो, आणि क्रेडिट कार्डाने असे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर कोडवर चालते हे खरे, पण तो कोड दुकानाच्या नावाने नोंदलेला, व्यापारी खात्याचा असावा लागतो. गावातल्या बऱ्याच दुकानांत भिंतीवर चिकटवलेला कोड दुकानदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो.

पुढे कार्डासोबत आलेले बारीक अक्षरांतले पत्रक वाचले. पेट्रोल, विमा, शाळेची फी, वीज-गॅससारखी बिले, घरभाडे, सोन्याचे दागिने, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, यांतल्या कशावरही परतावा नाही. हे एकाच कार्डाचे नाही. अशा बहुतेक कार्डांच्या 'सरसकट'मधून यांतल्या पुष्कळ गोष्टी वगळलेल्या असतात.

मग उरले काय? किराणा, औषधे, रिचार्ज आणि कपडे. मिळून ९,१०० रुपये. त्याचा दीड टक्का महिन्याला १३६ रुपये ५० पैसे, वर्षाला १,६३८ रुपये. वार्षिक शुल्क ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून जवळपास ५८९ रुपये. ते वजा केले की हातात राहतात १,०४९. कुठे ४,३२० आणि कुठे १,०४९!

आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कार्ड चालले नाही तर? मग खर्च उरतो ३,६००, वर्षाचा परतावा ६४८, आणि शुल्क जाऊन शिल्लक ५९ रुपये. सून हसली. म्हणाली, "५९ रुपयांसाठी एवढी भांडणं झाली होय!"

शुल्क माफ करून घ्यायचे तर वर्षात २ लाख खर्च हवा. या घराचा कार्डावर बसणारा खर्च १ लाख ९ हजार २००. म्हणजे ५८९ रुपये वाचवण्यासाठी आणखी ९० हजार ८०० रुपये कार्डावर घालायचे. इथेच माणूस नको ती खरेदी करू लागतो. 'मर्यादा पूर्ण करायला' म्हणून घेतलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती महागच पडते.

दरही कायमचा नसतो. अ‍ॅक्सिस बँकेचे 'एस' हे कार्ड २०२० मध्ये आले तेव्हा साध्या खर्चावर २ टक्के परत मिळत. पुढे तोच दर दीड टक्क्यावर आला. एसबीआयच्या २०२२ मध्ये आलेल्या 'कॅशबॅक' कार्डाची जाहिरात ५ टक्क्यांची, पण ते ऑनलाइन खरेदीवर. दुकानात जाऊन घेतले तर १ टक्का. म्हणून जाहिरातीतला आकडा पाहून नव्हे, तर आपल्या वहीतल्या रकमा धरून हिशेब करावा.

हे पैसे येतात कुठून?

सुनेने हा प्रश्न विचारला, आणि तो मला सर्वांत आवडला. बँक काही खैरात करत नाही. आपण कार्डाने पैसे देतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून कमिशन कापले जाते. त्या कमिशनचा एक तुकडा 'कॅशबॅक' म्हणून आपल्याकडे येतो. (यूपीआयवरून रुपे क्रेडिट कार्डाने २ हजारांपर्यंतचा व्यवहार असेल तर छोट्या दुकानदारावर हा भार टाकलेला नाही.)

म्हणजे शंभर रुपयांच्या किराण्यावर आपल्याला मिळणारा दीड रुपया कित्येकदा त्या दुकानदाराच्याच गल्ल्यातून आलेला असतो. साखर-तेलात त्याला सुटते किती? हाच दुकानदार महिनाअखेरीला आपल्याला उधार देतो, तेही एक पैसा सूद न लावता. कार्ड वापरणे म्हणजे त्याच्यावर जुलूम असे मी म्हणत नाही. मोठ्या दुकानांनी हा खर्च किमतीत धरलेलाच असतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी असलेले नाते दीड टक्क्यापेक्षा मोठे आहे, एवढे ध्यानात असावे.

बँकेची दुसरी मोठी कमाई आहे व्याजाची. जो वेळेवर पूर्ण बिल भरत नाही, त्याच्याकडून ती वसूल होते.

एक चूक केवढ्याला पडते?

आता निकाहच्या ८० हजारांकडे येऊ. समजा सामान कार्डावर घेतले. कॅशबॅक १,२०० रुपये. महिन्याने बिल आले. त्यावर दोन आकडे असतात: एकूण देय ८० हजार आणि किमान देय, साधारण ५ टक्के, म्हणजे ४ हजार. लग्नघर म्हटल्यावर हात आखडलेला असतोच. माणूस म्हणतो, चला, या महिन्यात ४ हजार भरू.

तिथेच फसगत होते. किमान रक्कम भरली की फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तेही बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदी केली त्या दिवसापासून लागते. ८० हजारांवर एका महिन्याचे व्याज २,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये. एकूण ३,३०४. हा फक्त एका महिन्याचा हिशेब झाला. शिवाय जुने फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या साबणावरही आजपासूनच व्याज. मिळाले १,२०० आणि गेले ३,३०४.

कुणाला वाटेल, एवढ्या व्याजाला कायद्याची मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आज तरी सावधगिरी आपल्यालाच बाळगायची आहे. आणि कार्ड एटीएममध्ये घालून रोख काढण्याचा तर विचारही करू नये. तिथे शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्याच दिवसापासून.

भाचा म्हणाला, "मामू, मी पूर्ण भरेन ना." मी विचारले, "पगार कोणत्या तारखेला होतो?" तो गप्प झाला. कधी १ तारखेला, कधी १२ला, कधी त्याहून उशिरा. बिलाची तारीख मात्र पगाराची वाट पाहत नाही. आपल्या भागात शेती असणाऱ्या घरांची अडचण याहून मोठी. सोयाबीनचे पैसे येणार दिवाळीच्या आसपास आणि कापसाचे त्याच्याही पुढे, बिल मात्र दर महिन्याला. ज्या घरात पैसा हंगामाने येतो, त्या घराला महिन्याने मागणारे कर्ज पेलत नाही.

दीनच्या बाजूने

आपाचा मुद्दा मी शेवटी घेतला, पण तो हलका म्हणून नव्हे. कॅशबॅक स्वतः सूद नाही. पुष्कळ उलमा त्याला सूट किंवा बक्षीस समजतात. खरा प्रश्न कार्डाच्या कराराचा आहे. सही करताना आपण मान्य करतो की, उशीर झाला तर व्याज देईन. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या बैठकीत ठराव केला की, ज्या क्रेडिट कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते घेणे व वापरणे जायज नाही, मुदतीत पैसे भरण्याची नियत असली तरी. खात्यात असलेल्याच पैशांतून खर्च होणाऱ्या कार्डाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डेबिट कार्डाला, ही हरकत लागू होत नाही. दुसरीकडे काही मोठे उलमा गरजेपोटी क्रेडिट कार्डाला परवानगी देतात, पण एका सक्त अटीवर: व्याजाची वेळ कधीही येऊ देणार नाही, याची पक्की व्यवस्था हवी.

मी मुफ्ती नाही. या दोन मतांतले कोणते तुमच्या परिस्थितीला लागू पडते, हे तुमच्या विश्वासातल्या आलिमांना विचारा. मात्र विचारायला जाताना वही सोबत न्या. 'कार्ड चालेल का' असे मोघम विचारू नका. पगार कधी येतो, खर्च किती, मागे किती वेळा हप्ता चुकला, हे खरे सांगून विचारा. माझ्या समजुतीत दोन्ही मतांचा सांधा एकच आहे. जिथे व्याज पडण्याची भीती खरी आहे, तिथे कुणीच दार उघडत नाही.

कार्डाच्या बाजूनेही बोलू

एकतर्फी बोलणे बरे नव्हे. ज्याचा पगार ठरल्या दिवशी येतो, ज्याच्या खात्यात दोन महिन्यांचा खर्च नेहमी शिल्लक असतो, ज्याची खरेदी शहरात आणि बव्हंशी कार्डावर होते, त्याला असे कार्ड दोन-चार हजारांचा फायदा देऊ शकते. कार्डाने ऑनलाइन खरेदीत फसवणूक झाली तर आपल्या बचत खात्यातून थेट पैसे जात नाहीत, आधी तक्रार करायला वाव मिळतो. वेळेवर बिल भरल्याने सिबिलची नोंदही चांगली राहते. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांचा हिशेब बिलोलीच्या घराहून वेगळा निघू शकतो, हे मान्य करायला हवे.

असे कार्ड आधीच घरात असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत असू द्या. न मागता कार्ड देता येत नाही. दिलेले कार्ड ३० दिवसांत चालू केले नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची असते, आणि संमती दिली नाही तर काहीही पैसे न घेता खाते बंद करायचे असते. बाकी काही नसताना कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नाहीतर बँकेला रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बिलाचे चक्र किमान एकदा आपल्या सोयीने बदलून मागता येते, म्हणजे पगारानंतरची तारीख घेता येते. उशिराचा दंड तीन दिवस उलटल्याशिवाय लावता येत नाही. पण तीन दिवसांच्या या सवलतीवर विसंबू नका. व्याज टाळायचे तर ठरल्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम गेलीच पाहिजे. त्यासाठी खात्यातून 'एकूण देय' आपोआप कापले जाईल अशी सूचना द्या. फॉर्मवर 'किमान देय'समोर खूण झालेली नाही ना, तेवढे डोळ्यांनी पाहून घ्या.

मग निकाहचे काय?

शेवटी अडचण होतीच: ८० हजार आणायचे कुठून? आपाकडे भिशीचे २५ हजार पुढच्या महिन्यात येणार आहेत. भाच्याची शिल्लक ३० हजार. आम्ही यादी पुन्हा वाचली. फ्रिज कमी केला, कारण मुलाकडच्यांच्या घरी फ्रिज आहे, आणि त्यांनी काही मागितलेलेही नव्हते. 'लोक काय म्हणतील' म्हणून तो यादीत आला होता. यादी ६० हजारांवर आली. उरलेले ५ हजार मी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. आपा नको म्हणत होती. मी म्हटले, "मग लिहून घे." कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. सुनेने वहीत रक्कम आणि परतीची तारीख लिहिली, भाच्याने सही केली.

बिनव्याजी मदतीची ही रीत आपल्या मुलखाला परकी नाही. बिलोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि त्याच राज्यात, हैदराबादेत, १९२३ मध्ये बिनव्याजी कर्ज देणारी अंजुमन उभी राहिली होती. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी तिच्याविषयी लिहून ठेवले आहे. पगारदार माणसांनी थोडे थोडे पैसे जमवायचे आणि गरजेला एकमेकांना द्यायचे, एवढीच तिची कल्पना. आज आपल्या मोहल्ल्यात दहा घरांना एवढे जमू नये?

पाकिटाचे काय झाले ते सांगतो. भाच्याने कार्ड चालू केले नाही. ओटीपी आला तर द्यायचा नाही असे ठरले. कुणी फोनवर गोड बोलून ओटीपी मागितला तरीही नाही. त्यासोबत मी त्याला बँकेला लेखी कळवायलाही सांगितले, म्हणजे पुढे शुल्काचे बिल आले तर हातात कागद असेल.

निघताना सून म्हणाली, "मामूजान, ते १,०४९ रुपये तर गेलेच ना?" मी म्हटले, वहीत पुन्हा बघ. रिचार्जचे ७०० लिहिलेत, घरात चार मोबाईल, त्यातला एक कुणी वापरतही नाही. त्याचे दीडशे वाचले तर वर्षाचे १,८०० झाले. तिने लगेच पेन उचलले.

वाचकहो, या महिन्यात तुम्हीही एवढे करा. तीस दिवसांचा खर्च लिहा. कार्डावर खरोखर बसणाऱ्या रकमांसमोर खूण करा, त्यांचा दीड टक्का काढा, शुल्क वजा करा. मग स्वतःला विचारा की, गेल्या बारा महिन्यांत किती वेळा महिनाअखेरीला हात रिकामा होता. एकदा जरी होता, तरी उत्तर तुमच्यासमोर आहे.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो, आणि कर्जाच्या ओझ्यापासून आपल्या घरांची हिफाजत करो. आमीन.